जमिनीवर ताण पडतो म्हणजे तिला नेमकं ओढतं कोण?

उंबरठा

भाची नववीत आहे. परवा संध्याकाळी भूगोलाचं पुस्तक उघडून समोर येऊन बसली. खचदरीची आकृती तुम्हीही शाळेत काढली असेल. जमिनीचा ठोकळा, दोन तिरक्या रेघा, मधला तुकडा खाली घसरलेला आणि दोन्ही बाजूंना बाहेर जाणारे जाडजूड बाण. खाली कारण दिलेलं: 'भूकवचावर ताण पडल्यामुळे'.

"मावशी, पण ओढतंय कोण?"

मी म्हटलं, भूगर्भातल्या हालचाली. (भूगोलात हे उत्तर कुठेही खपतं.)

"बरं, मग धरतात कुठे? दोरी ओढायची तर टोक हातात लागतं. जमिनीचं टोक कुठंय?"

मला काही सुचेना. तेवढ्यात तिने विज्ञानाच्या वहीतलं दुसरं लचांड काढलं. ताणकाटा टेबलावर आडवा ठेवलाय. दोन्ही बाजूंना दोऱ्या, दोऱ्या कप्प्यांवरून खाली सोडलेल्या आणि प्रत्येक टोकाला 5 किलोचं वजन. काटा किती दाखवेल? मी छातीठोकपणे 10 सांगितलं. ती ज्या तऱ्हेने हसली त्यावरून माझं चुकलंय एवढं कळलं, का चुकलं ते नाही. जाणकारांनी दोन्ही गोष्टींवर प्रकाश टाकावा. भाषा कृपया माझ्या झेपेल अशी.

कप्पी

काटा 5 दाखवणार. हा प्रश्न मी पंधराएक वर्षं मुलांना घालतोय. मोठी माणसं जास्त चुकतात, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका.

काटा एरवी कसा वापरतो ते आठवा. वर भिंतीत खिळा, खाली 5 किलो. काटा 5 दाखवतो आणि कुणाला काही वावगं वाटत नाही. आता तो खिळासुद्धा काट्याला वर ओढतोच आहे, अगदी 5 किलोच्या वजनाइतक्याच जोराने. नाहीतर काटा खाली पडला असता. पण खिळ्याचे कष्ट आपण मोजत नाही, कारण तो गप्प उभा असतो. तुमच्या भाचीच्या कोड्यात खिळ्याच्या जागी दुसरं वजन आलंय, इतकाच फरक. म्हणजे 49 न्यूटनचा ताण, दोरीत कुठेही कापून बघितलं तरी तेवढाच.

17व्या शतकात जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या ऑटो फॉन गेरिकेने तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले. अर्धगोल सुटेनात. सोळा घोडे म्हणून लोक थक्क झाले, पण एका बाजूचे आठ सोडून तिथे भक्कम झाड असतं तरी ताण तेवढाच आला असता. आठ घोडे निव्वळ देखाव्याचे!

त्यातली आणखी एक गंमत सांगून ठेवतो. त्या अर्धगोलांना आतून कुणी ओढून धरलं नव्हतं. बाहेरची हवा त्यांना एकमेकांवर दाबत होती. वाटते ओढ, असतो दाब. दगडवाल्यांपैकी कुणी या धाग्यावर आलं तर हे लागेल.

तिरकस

दोन्हीकडे ताण सारखाच, मग रस्सीखेचीत जिंकतं कोण? आमच्या संघाला इतकी वर्षं उगाच दूषणं दिली म्हणायची.

कप्पी

@तिरकस, तुमच्या संघाचे बूट बघा. दोरी हलकी धरली तर ताण दोन्ही संघांना सारखाच. फरक पडतो तो पायाखाली. ज्या संघाला जमीन जास्त घट्ट धरून ठेवते तो जिंकतो. खरी पकड दोरीवर नसते, तळव्याखाली असते. वजनदार गडी शेवटी उभा करतात तो याचसाठी.

निवांत

थोडं अवांतर. कपडे वाळत घालायची दोरी झोल पडू नये म्हणून मी एकदा जीव खाऊन ताणली. टोकं भिंतीतल्या खुंट्यांना. मधोमध एक ओली चादर टाकली आणि एका बाजूचा खुंटा प्लास्टरच्या ढेकळासकट हातात आला. चादर फार तर दोन-अडीच किलोची. खुंटा त्याहून कितीतरी जड सामान सहन करायचा. घरच्यांच्या मते खुंटा निकृष्ट होता. मला तेव्हापासून शंका आहे.

कप्पी

खुंटा निर्दोष आहे हो. चादरीचं वजन खाली, दोरी जवळजवळ आडवी. आडव्या दोरीला वर उचलायला फारच थोडा वाव असतो, म्हणून तो थोडा वाव पुरा पडेपर्यंत ताण वाढत जातो.

हिशेब करा. दोरी 5 मीटर, मधोमध 1 किलो, झोल फक्त 5 सेंटीमीटर. दोरीतला ताण येतो जवळपास 25 किलोच्या वजनाइतका. झोल निम्मा केला, अडीच सेंटीमीटर, तर 50 किलो. अजिबात झोल नको म्हणाल तर ताण अनंत लागेल. म्हणून विजेच्या तारा मुद्दाम सैल सोडतात. तुमची चादर अडीच किलोची, तेव्हा हे आकडे अडीचने गुणा आणि खुंट्याची माफी मागा.

भेगाळ

माझं पोट दगडांवर चालतं, त्यामुळे बोलावणं मलाच होतं असं समजतो. उंबरठाताई, भाचीने विचारलेला प्रश्न मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना विचारायला हवा होता. विचारला नाही, बाण पाठ केले.

सरळ उत्तर: बऱ्याच ठिकाणी धरून ओढणारं कुणीच नसतं.

दगडापासून सुरुवात करू. दगड दाब सोसतो, ओढ सोसत नाही. चांगल्या ग्रॅनाइटच्या एक चौरस सेंटीमीटरवर दीड ते दोन टन दाब दिला तेव्हा तो चुरतो. तोच ग्रॅनाइट ओढायला घेतला तर शंभर किलोच्या आसपास तुटतो. दगडात बारीक भेगा असतातच. दाबलं की त्या मिटतात, ओढलं की उघडतात आणि टोकाशी सगळा जोर एकवटतो. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 मध्ये काचेवर प्रयोग करून हे दाखवलं. दगडाला दोन बाजूंनी पकडून सरळ ओढणंही सोपं नाही, पकडीपाशीच फुटतो. म्हणून प्रयोगशाळेत आम्ही त्याची जाड चकती कापतो, ती कडेवर उभी ठेवून वरून दाबतो, आणि चकती मधोमध उभी चिरते. वरून दाबलं की आडवा ताण येतो. ओढण्याची ताकद आम्ही दाबून मोजतो, आता बोला!

आता खोलीचा विचार करा. जमिनीखाली एक किलोमीटरवर वरच्या खडकांचं वजन प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे 270 किलो पडतं. दहा किलोमीटरवर त्याच्या दहापट. खडकाचा प्रत्येक कण सगळीकडून आवळलेला असतो. त्याला खरोखर 'ओढायचं' तर आधी हा सगळा दाब संपवायला हवा, मग शून्याच्या पलीकडे जायला हवं. तितकं खोलवर सहसा होत नाही.

मग होतं काय? एका दिशेचा दाब सैल होतो. उभा दाब वजनाचा, तो तसाच राहतो. आडवा दाब एका बाजूने कमी कमी होत जातो. खच्चून भरलेल्या गर्दीत उभे असताना एका बाजूची माणसं जरा सरकली की आपण तिकडे कलंडतो. त्या बाजूने कुणी हात धरून खेचलेलं नसतं. उरलेले तिघे दाबत असतात, चौथ्याने दाबणं सोडलेलं असतं. खडक तसाच कलंडतो, तिरक्या रेषेवर घसरून. अर्नेस्ट अँडरसन या स्कॉटिश भूशास्त्रज्ञाने 1905 मध्ये हे मांडलं: सर्वांत मोठा दाब उभा असेल तर जो भ्रंश (खडक तुटून ज्या भेगेवर घसरतो ती) होतो तो आडव्याशी साधारण 60 अंशाचा कोन करतो. तुमच्या आकृतीतल्या त्या दोन तिरक्या रेघा याच. ऱ्हाईन नदीची खचदरी घ्या. एकीकडे व्होजचे डोंगर, दुसरीकडे ब्लॅक फॉरेस्टचे, मधे खचलेली पट्टी. ती पट्टी वजनाने खाली गेली, कारण बाजूंनी तिला धरून ठेवणारा दाब कमी झाला.

पुस्तकातला 'ताण' हा शब्द चुकीचा नाही. आम्हीही बोलताना तोच वापरतो. पण त्याचा अर्थ 'दोरीसारखं ओढणं' असा घेतला की भाचीसारखं टोक शोधत बसावं लागतं.

खरोखर उघडी भेग पडते ती दोन ठिकाणी. एक, अगदी वर, जिथे वजनच नाही. आइसलंडमधल्या थिंगवेलीरला जमीन उभी फाटलेली दिसते, माणूस आत उतरून चालू शकतो. तिथे दोन भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचे सरकते प्रचंड तुकडे) वर्षाला सुमारे 2 सेंटीमीटरने दूर जातायत. दुसरं, जिथे भेगेच्या आत पाणी किंवा शिलारस दाबाने घुसतो. 2005 च्या सप्टेंबरमध्ये इथिओपियाच्या अफार भागात दब्बाहू ज्वालामुखीजवळ सुमारे 60 किलोमीटर लांबीची भेग उघडली, काही ठिकाणी 8 मीटरपर्यंत. काही आठवड्यांत! शिलारसाची पाचर आतून ठोकली गेली. म्हणजे जमीन फाकली तीसुद्धा आतून ढकलल्यामुळे. माग्डेबुर्गची गंमत उलटी करून.

तिरकस

वाचनखूण साठवली. एवढं लांब मी फक्त भांडणाचं वाचतो.

कोरडी विहीर

भेगाळदादा, छान लिहिलंय, पण मुद्दा एक पाऊल मागे गेला इतकंच. बाजूची माणसं सरकली, ठीक. पण ती का सरकली? आम्हाला शिकवलं होतं की प्रावरणात, म्हणजे भूकवचाखालच्या जाड थरात, उकळत्या पाण्यासारखे प्रवाह फिरतात आणि भूपट्ट त्यांच्यावर सरकत्या पट्ट्यावरच्या सामानासारखे वाहून जातात. म्हणजे पकड खालून. ते आता मान्य नाही का?

भेगाळ

प्रवाह आहेत, पण सामान आणि पट्टा असं चित्र आता पुरत नाही. भूपट्ट स्वतःच त्या प्रवाहाचा थंड, वरचा भाग आहे. आणि इथे मात्र मला ओढीच्या बाजूने बोलावं लागणार आहे.

समुद्रतळाचा जुना भूपट्ट थंड होऊन जड होतो. एका कडेला तो वाकतो आणि प्रावरणात बुडतो. बुडालेला भाग आजूबाजूच्या प्रावरणापेक्षा किंचित जड असतो, म्हणून तो वरच्या भागाला आपल्यामागे खेचत नेतो. टेबलावरून घसरणाऱ्या चादरीचं लोंबतं टोक उरलेली चादर ओढतं तसं. 1975 मध्ये डोनाल्ड फोर्सिथ आणि सेइया उयेदा यांनी वेगवेगळ्या पट्टांचा वेग आणि त्यांची कुठली कडा काय करते याचा ताळा मांडला. ज्यांच्या कडेचा बराच भाग बुडतोय ते पळतात: पॅसिफिक, नाझ्का, कोकोस. ज्यांना असं लोंबतं टोक जवळजवळ नाहीच ते रेंगाळतात: युरेशियन, अंटार्क्टिक. पट्टाचं क्षेत्रफळ मोठं म्हणून वेग जास्त असं काही निघालं नाही. खालचा प्रवाह ओढत असता तर क्षेत्रफळाचा फरक दिसायला हवा होता.

ही ओढ सागरी गर्तेच्या (पट्ट जिथे बुडतो तिथल्या खोल खंदकाच्या) दर मीटर लांबीमागे शंभर कोटी टनांच्या वजनाइतकी भरते, ढोबळमानाने. त्यातली बरीचशी प्रावरणाच्या चिकट विरोधातच खर्ची पडते.

तेव्हा भाचीला सांगा, काही पट्टांना खरंच टोक आहे. ते समुद्राखाली शेकडो किलोमीटर खोल लोंबतंय.

कप्पी

थांबा. तुमचाच आकडा घेतो. चौरस सेंटीमीटरला शंभर किलो ओढ सोसणारा ग्रॅनाइटचा दांडा आढ्याला टांगला तर सुमारे 375 मीटर लांबीला तो स्वतःच्या वजनाने तुटतो. तुमचा पट्ट शेकडो किलोमीटर लोंबतोय म्हणता. मघाशी दगड ओढ सोसत नाही हेही तुम्हीच म्हणालात. दोन्ही कसं?

भेगाळ

या प्रश्नाची वाट बघत होतो.

तुमचा दांडा हवेत टांगलाय. पट्ट प्रावरणात बुडलाय, त्यामुळे त्याचं जवळजवळ सगळं वजन प्रावरणच उचलतं. ओढायला उरतो तो फक्त घनतेतला फरक, शंभरात एक-दोन. आणि त्या खोलीवर चहूबाजूंनी इतका दाब आहे की 'ओढ' म्हणजे इथेही पट्टाच्या लांबीच्या दिशेने दाब थोडा कमी, एवढंच. दांडा तुटतो तो भेग उघडल्यामुळे. तिथे भेग उघडायला जागाच नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही. 1971 मध्ये ब्रायन आयझॅक्स आणि पीटर मॉल्नर यांनी बुडत्या पट्टांमधल्या भूकंपांच्या नोंदी तपासल्या. जे पट्ट मधल्या खोलीपर्यंतच गेलेत त्यांच्यात खडक लांबीच्या दिशेने ताणला जाताना दिसतो. जे 600-700 किलोमीटरपर्यंत पोचलेत ते खाली टेकल्यासारखे लांबीच्या दिशेने दाबले जातायत. लोंबतं टोक जमिनीला टेकलं की दोरी सैल पडते ना, तसं.

आणि कधीकधी तुटतंही. 1933 च्या मार्चमध्ये जपानच्या सानरिकू किनाऱ्यासमोर 8.4 तीव्रतेचा भूकंप झाला. एरवी अशा गर्तेपाशी पट्ट एकमेकांवर घासून, दाबले जाऊन मोठे भूकंप होतात. हा उलटा होता, ताणाचा, आणि गर्तेच्या अलीकडे नाही, पलीकडे, जिथे पट्ट अजून बुडालेलाही नाही. हादऱ्याने फारसं पडलं नाही, पण मागून आलेल्या सुनामीने किनारा धुवून नेला. भूकंपतज्ज्ञ हिरोओ कानामोरींनी 1971 मध्ये मांडलं की बुडालेल्या भागाच्या ओढीने अख्खा पट्टच तिथे तुटला. वाकताना फक्त वरचा थर ताणला गेला की तुटणं आरपार होतं यावर नंतर बराच वाद झाला. मला विचाराल तर वाकण्याचा वाटा मोठा असावा. पट्टी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते, त्याला वेगळी ओढ लागत नाही.

पानगळ

दगडांच्या धाग्यात झाड आणते, रागावू नका. 'ओढ वाटते, असतो दाब' हे वाचून राहवलं नाही. नळीने पाणी ओढतो तेव्हा हवाच ते वर ढकलते, म्हणून कितीही जोर लावला तरी 10 मीटरच्या वर पाणी चढत नाही. मग कॅलिफोर्नियातला 115 मीटरचा रेडवूड शेंड्याला पाणी कसं पोचवतो? तिथे खरी ओढ आहे. पानातून पाणी उडतं, मागचा पाण्याचा धागा वर खेचला जातो आणि बारीक नळ्यांमधून तो न तुटता मुळापर्यंत ताणलेला असतो. पाणी ओढ सोसतं!

1890 च्या दशकात हे मांडलं डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी. डिक्सन वनस्पतीवाले. जोली पुढे तिथेच भूशास्त्राचे प्राध्यापक झाले, म्हणून धाग्यात शिरायचा थोडा हक्क सांगते.

भेगाळ

@पानगळ, जोली आमचे. झाडासकट स्वागत.

कोरडी विहीर

अजून एक, मग गप्प बसतो. आफ्रिकेचं काय? तिच्याभोवती बहुतेक सगळीकडे सागरी पर्वतरांगा. लोंबतं टोक जवळपास नाहीच, तरी पूर्वेकडे एवढी लांब खचदरी.

भेगाळ

तिथे उंची काम करते. खालून गरम प्रावरणाने पूर्व आफ्रिका वर उचलली आहे. पठारं हजार मीटरच्या वर. उंच ढीग स्वतःच्या वजनाने पसरू बघतो, बाजूंना तेवढं तोलून धरणारं काही नसेल तर पसरतोही. तिबेट तर याहून विचित्र. दोन खंड समोरासमोर धडकतायत, सगळं उत्तर-दक्षिण दाबलं जातंय, आणि नेमक्या त्याच पठारावर उत्तर-दक्षिण लांबीच्या खचदऱ्या आहेत. जमीन पूर्व-पश्चिम पसरतेय. 5 किलोमीटर उंचीचा ढीग, पसरायला जागा मिळाली त्या दिशेने सैल झाला. धरून ओढणारं तिथे कोणीही नाही.

उंबरठा

दोन दिवस गायब होते कारण प्रयोग चालू होता. (सगळ्या घरात वाळू आहे.)

लांबट पारदर्शक खोका घेतला. तळाशी अर्ध्या भागात कागद, कागदाचं टोक एका सरकत्या लाकडी फळीला चिकटवलेलं. वर कोरडी बारीक वाळू, मधे मधे गडद वाळूचे पातळ थर. भाचीने फळी हळूहळू बाहेर ओढली. एक सेंटीमीटरपर्यंत काही नाही. मग कागद जिथे संपतो त्याच्या बरोबर वर गडद रेघा तुटल्या आणि मधली पट्टी पाचरीसारखी खाली बसली. पुस्तकातली आकृती, हुबेहूब! कोनमापक लावला तर साठाच्या आसपास भरला. वाळू प्लास्टिकला चिकटते, त्यामुळे एक-दोन अंश इकडेतिकडे.

ती बराच वेळ खोक्याला नाक लावून बसली होती. मग म्हणाली, "कोरडी वाळू तर ओढताच येत नाही मावशी. मूठभर उचलून दोन बाजूंनी ओढ, नुसती सांडते. म्हणजे फळीने वाळूला ओढलंच नाही. टेकू काढून घेतला." आणि वहीत बाण बदलले. आता चारही बाण आत येणारे आहेत, उभे लांब, आडवे आखूड. परीक्षेत पुस्तकातलेच काढ असं मी सांगितलंय. चिडली आहे.

नंतर वाळू ओली करून परत केलं. या वेळी आधी वर उभ्या भेगा पडल्या, काठ सरळ तुटलेले, आणि तिरकी घसरण खाली नंतर दिसली.

कप्पी

भाचीला शाबासकी द्या, पण एक खोडी काढतो. वाळूला टेकू गेला हे खरं. तरी तळाचा कागद घर्षणाने वाळूचा पाया सोबत घेऊन गेलाच की. रस्सीखेचीतल्या तळव्यासारखी पकड तिथे आहे, खालून. कागद गुळगुळीत प्लास्टिकचा घेतला तर पाचर तिथेच पडेल का, हे बघायला सांगा.

भेगाळ

ओल्या वाळूतल्या उभ्या भेगा म्हणजे तुमच्या खोक्यातलं थिंगवेलीर. ओलाव्याने वाळूला जरा चिकटपणा येतो, म्हणून वरच्या वर ती थोडी ओढ सोसते आणि मग फाटते. खाली वजन वाढलं की फाटणं बंद, घसरणं सुरू. भेग किती खोल गेली ते मोजलंत का? त्यावरून वाळूचा चिकटपणा काढता येतो.

उंबरठा

बोटाच्या दोन पेरांइतकी असावी. पट्टी आणेपर्यंत काठ ढासळला. उद्या प्लास्टिकचा कागद लावताना परत बघते.